मंदिर याजकांचे, ओवऱ्या लोकांच्या

बायबलच्या नव्या करारात येशू मंदिरात शिकवत होता, मंदिरात वाद घालत होता, असे उल्लेख सारखे येतात. त्यातली अडचण पटकन लक्षात येत नाही. यरुशलेमच्या मंदिराची जी मुख्य इमारत, जिथे धूप जळायचा आणि सात फांद्यांचा दीपवृक्ष तेवायचा, तिथे याजकांखेरीज, म्हणजे पुरोहितांखेरीज, कुणालाच पाऊल टाकता येत नसे. आणि याजक व्हायचे तर अहरोनाच्या कुळात जन्म घ्यावा लागे. येशू त्या कुळातला नव्हता. त्याचा शिष्य पेत्र मासे पकडणारा, पुढचा प्रचारक पौल तंबू करणारा; तेही नव्हते. म्हणजे या मंडळींनी त्या इमारतीचा अंतर्भाग कधी पाहिलाच नाही. मग "मंदिरात" घडलेल्या या गोष्टी घडल्या कुठे?

बऱ्याचशा ओवऱ्यांमध्ये. आपल्याकडे मोठ्या देवळाच्या तटाला आतून लागून ओवऱ्या असतात: पाठीशी भिंत, डोक्यावर छप्पर, समोर खांब आणि खांबांपलीकडे उघडे पटांगण. यात्रेकरू तिथे पथारी टाकतात, कुणी पोथी वाचते, कुणी नुसतेच बसते. यरुशलेमच्या मंदिराला चारही बाजूंनी अशाच ओवऱ्या होत्या, फक्त आकार अवाढव्य. मराठी बायबल वाचणाऱ्यांना "शलमोनाची देवडी" हे नाव ओळखीचे असेल. ती यातलीच, पूर्वेकडची.

माझे म्हणणे असे की त्या काळचा यहूदी धर्म आणि त्यातून निघालेला ख्रिस्ती धर्म समजून घ्यायचा तर गाभाऱ्याइतकेच या ओवऱ्यांकडे बघावे लागते. गाभाऱ्यात विधी होत. चर्चा, भांडणे, पैशाचे व्यवहार, उपदेश, दंगे, अफवा हे सगळे खांबांच्या सावलीत.

आधीचे खांब

या ओवऱ्या बांधल्या हेरोद राजाने, पण खांबांच्या रांगा त्याच्या किती तरी आधीपासून बायबलमध्ये आहेत. शलमोन राजाने दहाव्या शतकात, म्हणजे इ.स.पू. 950 च्या आसपास, पहिले मंदिर बांधले असे परंपरा मानते. त्याच्या दारापुढे याखीन आणि बवाज नावाचे दोन पितळी खांब होते. प्रत्येक 18 हात उंच, 12 हात घेराचा, आतून पोकळ आणि चार बोटे जाड. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर, साधारण दीड फूट. खांबांच्या माथ्यावर डाळिंबांची नक्षी होती. ओतकाम सोर (टायर) शहराहून आलेल्या हिराम नावाच्या कारागिराचे. या खांबांनी छप्पर पेलले होते की ते नुसतेच दाराशी उभे होते, यावर अभ्यासकांत आजही दोन तट आहेत. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने इ.स.पू. 586 च्या सुमारास ते फोडून धातू नेला, एवढे मात्र बायबलमधल्या राजांच्या ग्रंथात स्पष्ट लिहिले आहे.

शलमोनाच्या राजवाड्यात मात्र खऱ्या अर्थाने खांबांच्या रांगा होत्या. "लबानोनचे वनगृह" नावाचे दालन 100 हात लांब आणि 50 हात रुंद, गंधसरूच्या लाकडी खांबांचे. शेजारी 50 हातांचा खांबांचा मंडप, आणि त्याला लागून राजा न्याय करायला बसायचा तो सिंहासनाचा मंडप. न्यायनिवाडा आणि खांब यांची जोडी इथूनच दिसायला लागते.

बायबलमधल्या महाबली शमशोनाची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. गज्जा (आजचे गाझा) इथल्या पलिष्ट्यांच्या देवळात त्याने मधले दोन खांब दोन्ही हातांनी रेटले आणि छप्पर खाली आले. ही गोष्ट इतिहास आहे की नाही हा वेगळा विषय, पण रचना मात्र बनावट नाही. तेल अवीवमधल्या तेल कसिले इथे 1970 च्या दशकात पलिष्ट्यांचे एक देऊळ उकरून काढले, तेव्हा त्याच्या मधोमध दोन लाकडी खांबांच्या दगडी बैठका सापडल्या. दोन्हींत अंतर दोन मीटरच्या थोडे वर. ज्याने गोष्ट सांगितली त्याला असे देऊळ माहीत होते.

डोंगर पुरेना म्हणून

आता हेरोदाकडे. हा रोमच्या मर्जीतला राजा. त्याला बांधकामाचे वेड होते, आणि प्रजेला तो आवडत नव्हता हेही त्याला पक्के ठाऊक होते. इ.स.पू. 20 च्या सुमारास त्याने मंदिर नव्याने बांधायला काढले. मंदिराची मूळ इमारत फार मोठी करता येईना, कारण तिची मापे धर्मशास्त्राने बांधलेली. मग वाढवायचे काय? आवार.

पण आवार डोंगरमाथ्यावर, आणि माथा अरुंद. म्हणून त्याने चारही बाजूंनी प्रचंड दगडी भिंती उभ्या केल्या आणि मधली जागा कुठे भराव घालून, कुठे कमानींवर तोलून सपाट केली. तयार झालेला चौथरा पश्चिमेला जवळपास 485 मीटर, दक्षिणेला 280 मीटर. एकूण क्षेत्र 14 हेक्टरच्या घरात. आज यहूदी लोक जिच्यापुढे प्रार्थना करतात ती पश्चिमेची भिंत म्हणजे याच चौथऱ्याची धरणभिंत. मंदिराची भिंत नव्हे. हे बरेच प्रवासी परत आल्यावरही चुकीचे सांगतात.

कामाची वाटणी मजेदार होती. मुख्य इमारतीत बिगरयाजकाला प्रवेश नाही, मग गवंडी आणायचे कुठून? हेरोदाने 1,000 याजकांनाच गवंडीकाम आणि सुतारकाम शिकवले. आतली इमारत त्यांनी दीड वर्षात पुरी केली. ओवऱ्यांना आणि बाहेरच्या आवाराला आठ वर्षे लागली. बारीकसारीक काम तर पुढे कित्येक दशके चालू राहिले. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, लोक येशूला हिणवतात की हे मंदिर बांधायला 46 वर्षे लागली आणि तू तीन दिवसांत उभारणार? तो टोमणा चालू असलेल्या कामाकडे बघत मारलेला आहे.

ही माहिती बहुतांशी फ्लावियस योसेफस या यहूदी इतिहासकाराकडून येते. त्याचा जन्म इ.स. 37 चा, घराणे यरुशलेमच्या याजकांचे. मंदिर त्याने स्वतः पाहिलेले, म्हणून साक्षीदार म्हणून मोलाचा. मात्र आकडे फुगवायची त्याला सवय आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

खांब कशासाठी

दगड दाबाला भक्कम असतो, वाकायला कच्चा. दोन खांबांवर लांब दगडी तुळई टाकली तर ती मधोमध तडकते. म्हणून नुसत्या दगडात बांधायचे तर खांब जवळजवळ रोवावे लागतात आणि मधली जागा खांबांनीच भरते. लाकूड वाकते पण तुटत नाही. त्यामुळे दगडी खांबांवर लाकडी तुळया टाकल्या की रुंद, मोकळी जागा मिळते. योसेफसच्या वर्णनानुसार मंदिराच्या ओवऱ्या 30 हात रुंद होत्या, खांबांच्या दुहेरी रांगांच्या, छताला गंधसरूच्या फळ्या. मागची भिंत, मग एक रांग, मग दर्शनी रांग, असा हिशोब धरला तर प्रत्येक तुळईला जेमतेम सात मीटरचा गाळा पेलायचा. लबानोनच्या गंधसरूला हे सहज जमते.

लाकडी छत ही गोष्ट लक्षात असू द्या. पुढे तिचीच किंमत मोजावी लागली.

खांब 25 हात उंच आणि एकसंध पांढऱ्या संगमरवराचे होते असे योसेफस म्हणतो. उत्खननात मिळालेले तुकडे मात्र स्थानिक चुनखडीचे आहेत. ती घासली की संगमरवरासारखीच चमकते. 25 हात म्हणजे साडेअकरा मीटर. एवढा खांब एका दगडातून निघतो का? यरुशलेममध्ये रशियन कंपाउंड म्हणून भाग आहे. तिथे रस्त्याच्या कडेला, कठड्याच्या आत, जमिनीतच पडून असलेला सुमारे 12 मीटरचा खांब आजही बघायला मिळतो. कारागिरांनी खडकात भोवतीने चर खणला, खांब गोल करत आणला आणि तेवढ्यात त्याला तडा गेला. मग सोडून दिला तो कायमचा. तो हेरोदाच्या काळचा की नंतरचा, यावर एकमत नाही. पण काम कसे चालायचे आणि किती मेहनत एका तड्याने वाया जायची, हे त्याच्याइतके स्पष्ट कुठल्याच पुस्तकात दिसत नाही.

हवामानाचाही भाग आहे. यरुशलेमचा उन्हाळा कोरडा, कडक. एवढ्या मोठ्या फरसबंद आवारात दुपारी उभे राहणे अशक्य. हिवाळ्यात पाऊस आणि बोचरा वारा. तालमूद या यहूदी धर्मग्रंथात रब्बी (धर्मगुरू) योहानान बेन जक्काई यांच्याबद्दल सांगितले आहे की ते मंदिराच्या सावलीत बसून दिवसभर प्रवचन करत. सावली कुठे पडते त्यावर शाळा कुठे भरेल ते ठरत असे.

राजओवरी

चारही ओवऱ्यांत दक्षिणेची सर्वांत भव्य. तिला राजओवरी म्हणू. योसेफस म्हणतो की सूर्याखाली हिच्याइतकी वर्णन करण्याजोगी दुसरी वास्तू नाही. तिच्यात 162 खांब, चार रांगांत, माथ्यावर कोरिंथियन घाटाची पानांची नक्षी. चौथी रांग मागच्या भिंतीत बसवलेली. त्यामुळे लांबीच्या दिशेने तीन पट्टे होत. कडेचे दोन 30-30 फुटांचे, मधला 45 फुटांचा आणि उंचीनेही कडेच्या दुप्पट.

162 ला चारने भागून बघा. भाग जात नाही, दोन उरतात. त्या दोन खांबांची जागा शोधण्यात अभ्यासकांनी बरीच शाई खर्च केली आहे. एक तर्क असा की ते पश्चिमेच्या प्रवेशाशी असावेत. आणखी एक गंमत म्हणजे खांबाला कवेत घ्यायला तीन माणसे हात पसरून लागत, असे तो सांगतो, आणि उंची देतो 27 फूट. तीन माणसांची कव म्हणजे पाच मीटर घेर, अर्थात व्यास दीड मीटरहून जास्त. कोरिंथियन खांब जाडीच्या नऊ-दहा पट उंच असतो, हा जेमतेम पाच पट भरतो. असा गुबगुबीत खांब हेरोदाच्या कारागिरांनी केला असेल यावर माझा विश्वास बसत नाही. योसेफसने कुठले तरी एक माप चुकवले आहे.

या ओवरीच्या छतावरून खाली दरीत पाहिले तर घेरी यायची, असेही तो लिहितो. हे मात्र खरे असणार. चौथऱ्याचा दक्षिण-पूर्व कोपरा आजही पाहणाऱ्याला दचकवतो, आणि तेव्हा त्याच्यावर आणखी ओवरीची उंची होती.

पश्चिमेकडून वर यायला एक जिना होता. एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन अभ्यासकाला 1838 मध्ये पश्चिम भिंतीतून बाहेर आलेले काही दगड कमानीचा उगम वाटले. बराच काळ लोक समजत होते की हा दरीवरून पलीकडे जाणाऱ्या पुलाचा अवशेष. बेंजामिन मझार यांनी 1968 पासून तिथे उत्खनन केले तेव्हा कळले की कमान एकच होती आणि तिच्यावरून जिना वळून खालच्या रस्त्यावर उतरायचा. रस्त्यावर दुकानांचे गाळेही निघाले. म्हणजे बाजारातून माणूस थेट राजओवरीत पोचायचा, मंदिराच्या बाकी आवारात पाय न ठेवता. हेरोदाला ती अशीच हवी असणार: ग्रीक आणि रोमन शहरांत चौकाकाठी असते तशी नागरी वास्तू, फक्त मंदिराच्या चौथऱ्यावर.

त्याच उत्खननात दक्षिण-पश्चिम कोपऱ्याखाली एक दगड सापडला. त्यावर हिब्रू अक्षरे कोरलेली, वाक्य अर्धवट तुटलेले: "तुतारी फुंकण्याच्या जागेसाठी..." योसेफसही सांगतो की शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होताना आणि संपताना एक याजक उंचावर उभा राहून तुतारी फुंकायचा, जेणेकरून खालच्या शहरातल्या लोकांना काम कधी थांबवायचे ते कळे. दगड नेमका त्याच कोपऱ्याच्या तळाशी पडलेला होता.

खांबांखाली काय चालायचे

आधी पैसे. वीस वर्षांवरच्या प्रत्येक यहूदी पुरुषाला वर्षाला अर्धा शेकेल मंदिरपट्टी भरावी लागे. ती सोर शहराच्या चांदीच्या नाण्यांतच, कारण त्यांतली चांदी खात्रीची. त्या नाण्यावर एका बाजूला परक्या देवाचे मुंडके आणि दुसरीकडे गरुड, तरीही चालायचे; चांदीच्या शुद्धतेपुढे मूर्तीचा मुद्दा मागे पडला. देशोदेशीचे यात्रेकरू आपापली नाणी घेऊन येत, तेव्हा सराफ हवेच. मिश्ना हा यहूदी नियमसंग्रह सांगतो की यहूदी पंचांगातल्या अदार महिन्याच्या 25 तारखेला सराफांची मेजे मंदिरात मांडली जात. वल्हांडण हा यहूद्यांचा मोठा सण त्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी. बदलून देण्याबद्दल ते थोडा बट्टा घेत. अर्पणाची कबुतरेही तिथेच विकत मिळत. कोकरू परवडत नसेल त्याने कबुतरे द्यावीत अशी शास्त्राची सवलत होती, आणि मरियेनेही येशूच्या जन्मानंतर हीच गरिबांची अर्पणे दिली.

येशूने जी मेजे उलथली ती हीच. ती नेमकी कुठे मांडलेली होती हे शुभवर्तमाने सांगत नाहीत, पण राजओवरी आणि तिच्यापुढचे आवार हीच जागा असावी असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते. लक्षात घ्या, सराफ कुणी चोरून बसलेले नव्हते. त्यांच्याशिवाय मंदिराचा गाडा चालला नसता. म्हणून तर त्या कृतीने याजकवर्ग एवढा बिथरला.

मग शिकवणे आणि वाद. योहानाने एक प्रसंग अगदी ऋतूसकट नोंदला आहे. मंदिराच्या पुनःस्थापनेचा सण होता, म्हणजे हनुक्का, हिवाळा होता, आणि येशू शलमोनाच्या देवडीत फिरत होता. लोकांनी त्याला घेरले. आम्हाला किती दिवस टांगणीला लावणार, तू ख्रिस्त असशील तर उघड सांग, असा त्यांचा घोशा. हनुक्का डिसेंबरच्या आसपास येतो. पूर्वेच्या ओवरीची पाठ वाळवंटाकडे, तोंड आवाराकडे. वारा अडतो, पाऊस लागत नाही, आणि येरझारा घालायला लांबच लांब जागा. त्या दिवशी तिथे गर्दी असणे साहजिक आहे. शिवाय हा सण इ.स.पू. 164 मध्ये परकीय राजाच्या तावडीतून मंदिर सोडवल्याची आठवण. अशा दिवशी "तूच तो मुक्तिदाता का" हा प्रश्न नुसता धार्मिक राहत नाही. वाद दगड उचलण्यापर्यंत गेला.

येशूनंतर त्याच्या अनुयायांनी हीच देवडी धरली. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात पेत्र आणि योहान मंदिराच्या "सुंदर" नावाच्या दारापाशी बसणाऱ्या जन्मापासून पांगळ्या भिकाऱ्याला बरे करतात. तो उड्या मारत त्यांना बिलगतो आणि बघे शलमोनाच्या देवडीत धावतात. तिथेच पेत्राचे भाषण होते. पुढे लिहिले आहे की सगळे विश्वासणारे त्या देवडीत एकत्र जमत. बाकीचे त्यांच्यात मिसळायला धजत नसत, तरी मान देत. ख्रिस्ती मंडळीला पहिली अनेक वर्षे स्वतःची इमारत नव्हती. घरे होती, आणि ही सार्वजनिक ओवरी होती. तिथे बसायला कुणाची परवानगी लागत नसे, हा तिचा सर्वांत मोठा गुण.

अगदी परदेशीयांनाही ती खुली होती. आवारात पुढे गेले की छातीइतक्या उंचीचा दगडी कठडा लागे आणि त्यावर ग्रीक व लॅटिनमध्ये पाट्या: परक्याने आत येऊ नये, सापडल्यास मरणाला तो स्वतः जबाबदार. यातली एक अखंड पाटी 1871 मध्ये सापडली, ती आता इस्तंबूलच्या संग्रहालयात आहे. कठड्यापुढे स्त्रियांचे अंगण, त्यापुढे पुरुषांचे, मग याजकांचे, शेवटी मुख्य इमारत. आणि तिच्या परमपवित्र खोलीत वर्षातून एकदाच, तोही एकटा महायाजक. आत जावे तशी माणसे कमी होत जातात. ओवऱ्या सर्वांत बाहेर, म्हणून सर्वांत जास्त माणसांच्या. पौलाने इफिस शहरच्या त्रफिम नावाच्या परक्याला कठड्याआत नेले अशी नुसती अफवा उठली तर सारे शहर उसळले होते.

मंदिराबाहेरही असे आसरे होते. बेथेस्दाच्या तळ्याला पाच पडव्या होत्या आणि त्यांत आंधळे, लंगडे, लुळे पडून असत; एक जण तर 38 वर्षे आजारी. पाच हा आकडा पूर्वी काहींना प्रतीकात्मक वाटायचा, कारण चौकोनी तळ्याला चारच बाजू. जुन्या यरुशलेममधल्या सेंट ॲनच्या चर्चशेजारी उत्खनन झाले आणि एकाला एक लागून दोन तळी निघाली, मधे बांध. चार बाजूंना चार आणि मधल्या बांधावर पाचवी, असा हिशोब लागला.

छतावरचे सैनिक

ओवरी लोकांची असली तरी तिचे छप्पर सत्तेचे होते. उत्तर-पश्चिम कोपऱ्याला लागून अंतोनिया किल्ला, तिथे रोमन तुकडी. सणासुदीला सैनिक शस्त्रे घेऊन ओवऱ्यांच्या छतांवर पहारा देत. खाली देशभरातून आलेले लाखभर भाविक, वर परके शिपाई. इ.स. 50 च्या आसपास, कुमानस रोमन सुभेदार असताना, वल्हांडणाला एका शिपायाने छतावरून गर्दीकडे पार्श्वभाग करून असभ्य चाळा केला. दगडफेक झाली, कुमक आली, लोक अरुंद दारांकडे पळाले आणि चेंगराचेंगरीत मेले. योसेफस एका ग्रंथात मृतांचा आकडा 20,000 देतो आणि दुसऱ्यात 30,000 च्या वर. आकडे सोडून द्या, पण असे काही घडले यात शंका नाही.

त्याआधी, इ.स.पू. 4 मध्ये हेरोद मेला तेव्हा, उलट झाले होते. सबिनस नावाच्या रोमन अधिकाऱ्याने मंदिराच्या खजिन्यावर डोळा ठेवला. यहूदी बंडखोर छतांवर चढले आणि वरून दगडांचा मारा करू लागले. खालून बाण पोचेनात. मग रोमनांनी ओवऱ्यांनाच आग लावली. छताचे लाकूड, त्यात राळ आणि मेण. वरची माणसे छतासकट खाली आली. पुढे ओवऱ्या पुन्हा उभ्या राहिल्या.

इ.स. 64 च्या सुमारास मंदिराचे काम एकदाचे संपले आणि 18,000 हून अधिक मजूर बेकार झाले. लोकांनी दुसऱ्या अग्रिप्पा राजाला गळ घातली: पूर्वेची ओवरी पाडून नवी बांधा, म्हणजे हातांना काम मिळेल. ही ओवरी शलमोनाची म्हणून ओळखली जायची. तिच्या भिंतीत 20-20 हातांचे दगड. राजाने विचार केला: पाडणे सोपे, बांधणे कठीण, वेळ आणि पैसा अफाट. नको म्हणाला, आणि त्याऐवजी शहराच्या रस्त्यांना पांढरी फरशी घालायला परवानगी दिली. रोजगार हमीची ही योजना म्हणा ना.

सहा वर्षांनी, इ.स. 70 मध्ये, रोमविरुद्धचे यहूदी बंड मोडताना रोमन सेनापती तीतसच्या फौजेने यरुशलेम घेतले. त्या वेढ्यात पश्चिमेच्या ओवरीत बंडखोरांनी तुळया आणि छत यांच्या मधल्या पोकळीत वाळलेले लाकूड, राळ आणि डांबर ठासले आणि दमल्याचे सोंग करून मागे सरले. रोमन शिड्या लावून वर चढले आणि मग खालून काडी लागली. बाहेरच्या अंगणातल्या शेवटच्या उरलेल्या ओवरीवर बायका, मुले आणि सामान्य लोक मिळून 6,000 जणांनी आसरा घेतला होता. आज इथे या, देव सुटका करील, असे एका खोट्या संदेष्ट्याने सांगितले होते. सैनिकांनी ती खालून पेटवली. एकही वाचला नाही, असे योसेफस लिहितो.

रांगा आत शिरल्या

मंदिर गेले, मग खांबांच्या रांगा देवळाभोवतीच्या अंगणातून प्रार्थनागृहाच्या आत आल्या. सुरुवात आधीच झाली होती. गोलान टेकड्यांवरच्या गामला गावात पहिल्या शतकातले सभास्थान निघाले आहे: चारही भिंतींना दगडी पायऱ्यांची बाके, आत खांबांच्या रांगा आणि मधे मोकळी जागा. कफर्णहूमचे पांढऱ्या चुनखडीचे सभास्थान त्याच्या बरेच नंतरचे, चौथ्या-पाचव्या शतकातले; तिथे तीन बाजूंना खांब.

अलेक्झांड्रियातल्या यहूद्यांच्या सभास्थानाला तर दुहेरी ओवऱ्या होत्या, आणि रब्बींचे वचन होते की ज्याने ती पाहिली नाही त्याने इस्राएलचे वैभव पाहिलेच नाही. 71 वडीलधाऱ्यांसाठी 71 सोन्याच्या खुर्च्या. जागा इतकी मोठी की आवाज पोचेना, म्हणून मधल्या चौथऱ्यावरून सेवक कापड हलवी आणि ते पाहून सारे "आमेन" म्हणत. लोक व्यवसायानुसार बसत: सोनार वेगळे, लोहार वेगळे, विणकर वेगळे. परगावचा गरीब माणूस आला की आपल्या धंद्याच्या लोकांत जाऊन बसे आणि तिथेच त्याला काम मिळे. सोन्याच्या खुर्च्या खऱ्या असोत नसोत, कामाची ही सोय मला पटण्यासारखी वाटते.

ख्रिस्ती लोकांनी रोमन न्यायसभेची इमारत उचलली: मधे उंच, रुंद पट्टा, दोन्ही कडांना खांब आणि बुटके पट्टे. राजओवरीचा आराखडा जवळजवळ हाच होता. बेथलेहेमच्या जन्मस्थानाच्या चर्चमध्ये आज जे उभे आहे ते मुख्यतः सहाव्या शतकातले, सम्राट जस्टिनियनच्या वेळचे. चार रांगांत तांबूस चुनखडीचे खांब, आणि क्रूसयुद्धांच्या काळात कित्येक खांबांवर संतांची चित्रे रंगवलेली. काजळीने ती शतकानुशतके झाकली होती, अलीकडच्या साफसफाईत परत दिसू लागली.

आणि हेरोदाच्या त्या चौथऱ्यावर? राजओवरी जिथे होती त्या दक्षिण टोकाला आता अल-अक्सा मशीद आहे. पश्चिम आणि उत्तर कडेला मात्र पुन्हा कमानींच्या ओवऱ्या आहेत, तेराव्या ते पंधराव्या शतकात, मुख्यतः मामलुक सुलतानांच्या काळात बांधलेल्या.